गरम सोड्याच्या टाकीजवळ कोण उभा असतो?

रस्त्यावर धावणारा ट्रक असो, एस. टी. असो की रिक्षा, प्रत्येकाचे इंजिन कधी ना कधी उघडावे लागते. उघडले की आतून काय निघते हे ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक! जळून डांबरासारखे झालेले ऑइल, ग्रीसचे गोळे, पिस्टनवर बसलेला कार्बनचा थर. हे सारे साफ झाल्याशिवाय बोअरिंगवाला मशीनला हात लावत नाही आणि फिटर फिटिंगला बसत नाही. म्हणजे पार्ट धुण्याचे काम सर्वांत आधीचे. परंतु मजुरीच्या हिशेबात ते सर्वांत शेवटी येते आणि धोक्याच्या हिशेबात पुन्हा सर्वांत वर जाते.

हे काम कोणाच्या वाट्याला येते? आपल्या वस्तीतील कोणत्याही गल्लीत जा आणि विचारा. गॅरेजमध्ये, बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये, एखाद्या ठेकेदाराच्या हाताखाली "धुलाईला" असलेला एक तरी मुलगा सापडेलच. दहावी नापास झालेला, किंवा पास होऊनही पुढे फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटलेला. काम शिकायचे म्हणून गेला आणि टाकीपाशीच राहिला. या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे.

टाकीत असते काय?

लोखंडी टाकीत पाणी असते, पाण्यात कॉस्टिक सोडा असतो आणि खाली भट्टी, बर्नर किंवा हीटर असतो. पाणी उकळीच्या जवळ आले की त्यात इंजिनचा ब्लॉक, हेड, क्रँक साखळीने सोडतात. सोडा तेलाला आणि वंगणाला धरतो व त्यातील चरबीचा साबण करून टाकतो. आपल्या बायाबापड्या साबण बनवण्याच्या लघुउद्योगात तेल आणि कॉस्टिक एकत्र करतात, तीच ही क्रिया. काही तासांत काळाकुट्ट ब्लॉक नव्यासारखा बाहेर येतो.

आता गंमत अशी की, सोड्याला वंगणातील चरबी आणि माणसाच्या कातडीतील चरबी यांतला फरक कळत नाही. कातडीवर पडला की तो तिचाही साबण करू लागतो. म्हणूनच सोड्याचे पाणी हाताला लागले की हात बुळबुळीत होतो. पुष्कळ मुले सांगतात, "काही होत नाही, नुसते चिकट लागते." तो चिकटपणा म्हणजे स्वतःचीच कातडी विरघळू लागल्याची खूण आहे. पातळ सोड्याने आग लगेच होत नाही, म्हणून मुलगा काम करीत राहतो आणि संध्याकाळी पाहतो तो कातडी सोललेली. डोळ्यांत गेला तर मात्र वाट पाहण्यास वेळच नसतो. ॲसिडपेक्षाही सोडा डोळ्यांत खोल उतरतो आणि बुबुळावरची काच पांढरी करून टाकतो.

अपघात कसे होतात?

अपघात झाला की मालक म्हणतो, "पोराचे लक्ष नव्हते." आई म्हणते, "नशीब!" या दोन्ही उत्तरांनी पुढचा अपघात टळत नाही. सोड्याच्या टाकीवरचे अपघात ठरावीक कारणांनी होतात आणि ती कारणे एका पानावर लिहिता येतात.

पहिले कारण म्हणजे गरम टाकीत सोडा ओतणे. कॉस्टिक पाण्यात विरघळताना स्वतःच प्रचंड उष्णता सोडतो. पाणी आधीच उकळीला आलेले असेल आणि त्यात सोड्याच्या पापड्यांचे पोते रिकामे केले, तर जागच्या जागी पाणी उसळते आणि कारंज्यासारखे तोंडावर येते. म्हणून नियम असा की, टाकी थंड असतानाच सोडा टाकायचा, तोही थोडाथोडा आणि ढवळत. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही. हा एक नियम पाळला तरी अनेक चेहरे वाचतील.

दुसरे कारण ॲल्युमिनियम. जुन्या ट्रकचे इंजिन बिडाचे असे आणि बीड सोड्यात सुखरूप राहते. उस्तादाचा सारा अनुभव त्याच बिडावरचा. परंतु मोटारसायकलचे, स्कूटरचे आणि आजच्या बहुतेक मोटारींचे हेड ॲल्युमिनियमचे असते. ते गरम सोड्यात पडले की सोडा त्या धातूलाच खाऊ लागतो. टाकी फेसाळून काठावरून वाहते आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. हा वायू पेट घेणारा आहे. जवळ वेल्डिंग चालू असेल, कोणी बिडी ओढत असेल, किंवा खाली उघडी भट्टी असेल, तर भडका उडण्यास वेळ लागत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचेही तेच. तेव्हा टाकीत पार्ट सोडण्यापूर्वी चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला नाही तर तो पार्ट त्या टाकीचा नव्हे.

तिसरे कारण गाळ. महिनोन्महिने टाकी साफ न केल्याने तळाशी वंगण, माती आणि सोडा यांचा थर बसतो. खालून आच लागली की थराखाली वाफ कोंडते आणि एकदम उसळी मारते.

चौथे कारण पार्ट हाताने सोडणे. जड पार्ट धपकन पडला की शिंतोडे उडणारच. बाहेर काढतानाही त्याच्या पोकळ्यांत गरम सोडा भरलेला असतो, तो पायावर ओततो. जाळीची टोपली, साखळी आणि चेनपुली असली तर माणूस टाकीपासून दोन हात दूर उभा राहू शकतो. पार्ट टाकीवर लटकता ठेवून पुरता निथळू द्यावा, मगच बाजूला घ्यावा.

पाचवे कारण अपुरे किंवा चुकीचे साहित्य. सुती हातमोजे सोडा शोषून घेतात आणि तो हाताशी धरून ठेवतात. चामड्याच्या मोज्यांना आणि बुटांना सोडा खातो. येथे रबराचे, कोपरापर्यंत येणारे मोजे लागतात, रबरी ॲप्रन लागतो, गमबूट लागतात. पँट गमबुटात खोचायची नाही, बुटावरून बाहेर सोडायची. नाहीतर शिंतोडे बुटात उतरतात आणि आतल्या आत पाय शिजतो. डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा आणि त्यावर तोंड झाकणारी पारदर्शक ढाल हवी. उन्हाचा चष्मा येथे काही कामाचा नाही.

एका मुलाची हकीकत

माझा दिवस कचेरीत फायलींवर जातो आणि संध्याकाळ वस्तीतील लोकांचे अर्ज लिहिण्यात. त्यामुळे असली प्रकरणे कागदाच्या रूपाने माझ्यापुढे येतात. काही वर्षांपूर्वी एक मावशी माझ्याकडे आल्या. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा शहराबाहेरच्या एका बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये आठ महिने हेल्पर होता. टाकीचा सोडा पातळ झाला म्हणून मिस्त्रीने त्याला चालू टाकीत अर्धे पोते ओतायला सांगितले. त्याने ओतले. पुढे काय झाले ते वर लिहिलेच आहे.

तेथे नळ होता. दहा पावलांवर होता. पण कोणी त्याला नळाखाली धरले नाही. एकाने खोबरेल तेल लावले, दुसऱ्याने हळद टाकली, तिसरा मालकाला फोन करायला पळाला. मालक गाडी घेऊन येईपर्यंत अर्धा तास गेला. डाव्या डोळ्याची दृष्टी त्या अर्ध्या तासात गेली, असे नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले. मुलाला दवाखान्यात घेऊन गेलेल्या माणसाने केसपेपरवर काय लिहवले? "घरी गरम पाणी अंगावर सांडले."

मावशी मला म्हणाल्या, "दादा, मालक चांगला आहे, औषधाचे पैसे दिले त्याने. पण पोराला आता कुणी कामावर घेत नाही हो." मी विचारले, "मावशी, कामावर होता याचा काही कागद आहे का?" हजेरीच्या वहीत नाव नव्हते. पगार हातात मिळे, सही कशावरच नव्हती. उलट अपघातानंतर एका कोऱ्या कागदावर आईचा अंगठा मात्र घेतलेला होता.

अर्जावर अर्ज केले, त्याच्याबरोबर काम करणारे साक्षीदार शोधले. दोघे तयार झाले आणि ऐनवेळी नोकरीच्या भीतीने मागे सरले. शेवटी तडजोडीत जी रक्कम हाती आली, तिच्यात एका डोळ्याची किंमत होते असे कोणीही म्हणणार नाही. मुलाचा डोळा पाण्याअभावी गेला आणि त्याचा हक्क कागदाअभावी गेला. म्हणून मी जिथे जातो तिथे चारच शब्द सांगतो : आधी पाणी, मग कागद.

आधी पाणी

सोडा अंगावर पडला की पहिले औषध पाणी, दुसरे औषध पाणी आणि तिसरेही पाणीच.

सुक्या पापड्या किंवा भुकटी अंगावर असेल तर ती आधी कोरड्या कपड्याने झटकून टाकावी, मग धो धो पाणी सोडावे. भिजलेले कपडे, बूट, पट्टा, हातातील दोरा, सारे ताबडतोब उतरवावे. अशा वेळी लाज धरू नये. कपड्यातला सोडा कपडा अंगावर असेपर्यंत जाळीत राहतो. वाहत्या पाण्याखाली किमान २० ते ३० मिनिटे धरावे आणि कातडीचा बुळबुळीतपणा गेल्याशिवाय थांबू नये.

डोळ्यांत गेला असेल तर मुलगा डोळा घट्ट मिटून घेतो. दुसऱ्याने बोटांनी पापण्या उघडून धरल्याच पाहिजेत. डोके त्या डोळ्याच्या बाजूला कलते करावे आणि नाकाकडून कानाकडे पाणी सोडावे, म्हणजे ते दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. अर्धा तास धुवावे. १०८ ची गाडी येईपर्यंत आणि गाडीत बसल्यावरही बाटलीने पाणी सोडणे चालूच ठेवावे. पिण्याचेच पाणी हवे असा हट्ट नको. जे स्वच्छ पाणी सर्वांत जवळ असेल ते घ्यावे.

हळद, तेल, तूप, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. सोड्यावर लिंबू किंवा व्हिनेगर ओतण्याचा शहाणपणाही करू नये. जखमेवर ते प्रयोग करण्यात पाण्याची मोलाची मिनिटे जातात आणि उष्णता आणखी वाढू शकते.

यासाठी मालकाला लाखो रुपयांचा खर्च नाही. टाकीपासून दहा पावलांवर एक नळ, त्याला एक रबरी नळी, आणि वर टाकीत सदैव पाणी. एवढे नसेल तर त्या दिवशी भट्टी पेटवू नये, असे कामगारांनी एकमताने सांगितले पाहिजे.

सोड्याशिवायचे धोके

काही ठिकाणी सोड्याऐवजी ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे द्रावण गरम करून त्याच्या वाफेवर पार्ट धुतात. कारागीर त्याला नुसते "ट्रायक्लो" म्हणतात. त्याचा वास गोडसर असतो आणि वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती खड्ड्यात आणि टाकीच्या तळाशी साचून राहते. पडलेला पार्ट काढायला कोणी आत वाकला वा उतरला तर चक्कर येऊन तेथेच कोसळू शकतो. त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो. म्हणून एकट्याने टाकीत उतरू नये आणि हवा खेळती केल्याशिवाय कोणीच उतरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली हे द्रव्य माणसात कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात टाकले. मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. त्याच्या वाफेजवळ वेल्डिंग केले तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. आणि कॉस्टिक व ट्रायक्लो यांची गाठ तर कधीच पडू देऊ नये, कारण त्यातून स्फोटक आणि विषारी वायू निघतो.

लहान गॅरेजमध्ये यांपैकी काही नसते, तेथे पेट्रोलच्या डब्यात ब्रशने पार्ट धुतात. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीने पेटते. लवकर सुटावे म्हणून डिझेल किंवा रॉकेल तापवणे म्हणजे तर आगीला स्वतःहून बोलावणे होय.

टाकीजवळ आपणच का?

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. अध्यक्षस्थानावरून बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. रेल्वेत दलित कामगार गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो आणि रेल्वेच्या कारखान्यांत तो मेकॅनिक वा फोरमनच्या जागी क्वचितच दिसतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकामखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. पगार जास्त असलेले खाते बंद आणि कष्टाचे खाते उघडे!

आज कोणी गॅरेजवर जात विचारून काम देत नाही, असे सांगितले जाते. मग बोअरिंग मशीनवर कोण बसतो आणि टाकीवर कोण उभा राहतो याची आपणच एकदा मोजदाद करून पाहावी. मिस्त्री आपल्या भाच्याला, गाववाल्याला मशीनचे काम शिकवतो. ज्याचा कोणी मामा-काका या धंद्यात नाही, तो मुलगा धुलाईवर राहतो. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. सोड्याच्या टाकीजवळ उभे राहिले की त्याचा अर्थ समजण्यास पुस्तक लागत नाही.

कायदा होता, आहे, पण...

अपघातग्रस्त कामगाराचा हक्क ही काही आजची मागणी नव्हे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन केले, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबरच अशीही मागणी होती की, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झालेल्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा आला तो १९२३ साली. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. भरपगारी रजा, आठवड्याला ४८ तासांचे काम आणि कामगारांच्या आरोग्यविम्याची पायाभरणी ही त्या काळातील कामे आहेत.

१९४८ च्या कारखाना कायद्यात ३३ वे कलम होते. धोक्याची टाकी, हौद वा खड्डा भक्कम झाकलेला किंवा कठड्याने बंदिस्त असला पाहिजे, असे ते सांगे. १९८४ साली भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मारली. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने, आपण कोणत्या रसायनाशी काम करतो ही माहिती मिळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी चार नव्या संहिता लागू झाल्या आहेत. सुरक्षिततेच्या संहितेत नेमणूकपत्र देण्याची जबाबदारी मालकावर आहे. सुरक्षिततेची माहिती मागण्याचा आणि धोका दिसल्यास तो मालकाला कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. हे चांगलेच. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरे. नव्या संहितेत तो आकडा २० आहे. आपला मुलगा जेथे काम करतो तेथे चार, सहा, फार तर आठ माणसे असतात. म्हणजे ज्या टाकीवर धोका सर्वांत जास्त, तेथे इन्स्पेक्टर येण्याची शक्यता सर्वांत कमी. त्यामुळे आपल्या रक्षणाचे पहिले काम आपल्यालाच करावे लागणार आहे.

वयाचेही सांगितले पाहिजे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला गॅरेजवर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर लावता येत नाही. "सुट्टीत शिकेल" म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला टाकीवर पाठवणाऱ्या पालकांनी हे वाचावे.

मग कागद

कामाला लागल्या दिवसापासून मुलाने एक छोटी वही ठेवावी. तारीख, किती तास काम, किती पैसे मिळाले, कोणाकडून मिळाले, बरोबर कोण होते. रोज एक ओळ. पगार शक्यतो बँकेत घ्यावा. नेमणूकपत्र मागावे, नाही मिळाले तर मागितल्याची तारीख वहीत लिहावी.

अपघात झाल्यास दवाखान्यात घरच्यांपैकी एकाने पोहोचावे आणि केसपेपरवर "अमुक ठिकाणी कामावर असताना गरम कॉस्टिक अंगावर उडाले" असे स्पष्ट लिहून घ्यावे. ही एक ओळ पुढे वकिलाच्या दहा पानांपेक्षा जास्त उपयोगी पडते. डॉक्टरांनाही त्यामुळे योग्य उपचार करता येतात, कारण गरम पाण्याचे भाजणे निराळे आणि सोड्याचे निराळे. टाकीचे, जागेचे, कपड्यांचे फोटो मोबाइलवर त्याच दिवशी काढावेत. पोलिसांत नोंद करावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणीही, कोणाच्याही भरवशावर देऊ नये.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी राज्य कामगार विमा योजना लागू असते. २०१७ पासून तिची पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये झाली. कामावरील अपघाताच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट या योजनेत नाही. काल लागलेल्या मुलालाही तो मिळू शकतो. विमा नसेल तेथे भरपाईची जबाबदारी मालकावर येते. मालकाने माणुसकीने दिलेले औषधाचे पैसे जरूर घ्यावेत, पण ते म्हणजे भरपाई नव्हे. दाव्यास उशीर करू नये, कारण साक्षीदार गावी जातात आणि टाकी दुसरीकडे हलते.

माता-भगिनींसाठी दोन शब्द

मुलाचे कामाचे कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः तान्ह्या बाळाच्या कपड्यांत भिजवू नका. वेगळ्या बादलीत, भरपूर पाण्यात आधी खळबळून घ्या. "मोरी साफ होते" म्हणून कामावरून थोडा कॉस्टिक घरी आणण्याची सवय काही घरांत आहे. तो थंड पेयाच्या बाटलीत ठेवला तर तहानलेले मूल ती तोंडाला लावते. असे झाल्यास उलटी करवू नका. वर येताना सोडा घसा आणि अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतो. तोंड पाण्याने धुऊन तडक दवाखाना गाठा. जर्मनच्या भांड्यात तर सोडा ठेवूच नका, तो भांडे खातो. सर्वांत उत्तम, घरात आणूच नका.

आणि आणखी एक. मुलगा म्हणाला, "आई, आज मी गॉगल नव्हता म्हणून काम केले नाही, मालक ओरडला," तर त्याला भेकड म्हणू नका. त्याच्या ताटात त्या दिवशी एक भाकरी कमी पडली तरी चालेल, पण त्याला शाबासकी कमी पडू देऊ नका.

विहारातून सुरुवात

भगवान बुद्धांनी अप्पमादाला, म्हणजे जागरूकतेला, किती महत्त्व दिले हे धम्मपदातील दुसऱ्या वग्गाच्या नावावरूनच दिसते. जागरूकता ही ध्यानाला बसल्यावरच पाळायची असते असे नाही. ती टाकीपाशीही पाळता येते. कारण समजून घेतले की दुःख टाळता येते, हीच तर धम्माची शिकवण.

माझी विहार समित्यांना विनंती आहे. एका रविवारी वंदना झाल्यावर तासभर द्यावा. वस्तीतील किती मुले गॅरेज, वर्कशॉप, धुलाईवर आहेत याची यादी करावी. बादलीभर पाणी आणि एक नळी घेऊन डोळा कसा धुवायचा याचे प्रात्यक्षिक मुलांकडूनच करून घ्यावे. प्रत्येकाला एक वही द्यावी. एखाद्या डॉक्टर बांधवाला आणि वकील भगिनीला बोलवावे. जयंतीच्या वर्गणीतून चार बंद गॉगल आणि चार जोड रबरी मोजे घेतले, तर मिरवणुकीची शोभा काही कमी होणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी या मुलांना आय. टी. आय. च्या प्रवेशाचे अर्ज भरून द्यावेत, म्हणजे ती टाकीवरून मशीनवर जातील.

"शिका" हा मंत्र पदवीपुरताच मर्यादित नाही. सोडा थंड पाण्यात टाकायचा, चुंबक लावून पाहायचे, डोळा अर्धा तास धुवायचा, केसपेपरवरची ओळ वाचल्याशिवाय सही करायची नाही, हेही शिक्षणच आहे. आणि ते द्यायला कोणत्याही विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही.

जय भीम!